खुंटावर राहते ती खूण

१

मोजणीकाका कड्यावरून खाली गेले, त्यांचं गिरमीट मात्र वरच राहिलं. कड्याच्या अगदी टोकाला घळीतलं सगळ्यांत म्हातारं झाड उभं होतं. त्याच्या छातीत ते पोकळ गिरमीट वीतभर रुतून बसलं होतं, आणि खाली, साठ हात खोल, नदीकाठच्या खडकावर काका पालथे पडले होते.

फौजदारबाई दहा वाजता पोचल्या. त्यांचे गुडघे मात्र पाच-दहा मिनिटं मागे होते.

"सरळ आहे, बाई," हवालदार म्हणाले. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, त्यामुळे त्यांना सगळंच सरळ दिसत असे. "गिरमीट फिरवता फिरवता पाय सटकला. म्हातारा माणूस, त्यात शेवाळ."

"सरळ असतं तर मला इथवर चढवलं कशाला?"

"बघणारं माणूस लागतंच की. मेलेला थोडाच जबाब देणार?"

काकांचं काम जगावेगळं होतं. ते झाडाला गिरमीट लावून आतून पेन्सिलीएवढी लाकडाची काडी काढत. त्या काडीवरच्या रेघा मोजल्या की झाडाचं वय कळतं, वर्षाला एक रेघ. काडी काढून झाली की ते भोकात मेण भरत. गेली तीन वर्षं ते या घळीतल्या झाडांची वयं काढत होते. कायदा असा, की ज्या रानावर कधीच कुऱ्हाड चालली नाही ते 'अबाधित' जाहीर होतं. मग तिथे रस्ता नाही, धरण नाही, तोड नाही. अर्जाची सुनावणी परवा, शुक्रवारी होती.

अर्जदार म्हणजे रान बचाव समितीचे अध्यक्ष, निवृत्त रेंजरसाहेब. ते झाडापाशीच उभे होते. पस्तीस वर्षं वनखात्यात काढलेला, ताठ कण्याचा माणूस. डोळे लाल झाले होते.

"काड्यांचं खोकं तेवढं वर राहिलंय," ते म्हणाले. "चोपन्न काड्या आहेत. वही गेली नदीत. पण चोपन्न पुरतील, बाई. निदान काकांचा जीव फुकट तरी जाणार नाही. तुम्ही फक्त परवापर्यंत अपघाताचा कागद द्या. चौकशी उघडी राहिली तर पुरावा तुमच्या ताब्यात अडकेल, आणि सुनावणी गेली की रस्ता आलाच."

बाईंनी मान हलवली. गुडघ्यातून कळ आली म्हणून त्या झाडाच्या मुळापाशी टेकल्या, आणि टेकताना हात शेवाळावर पडला. शेवाळाचा तळहाताएवढा पापुद्रा उचलून आला, एखाद्या डब्याचं झाकण निघावं तसा.

खाली बुंध्याची साल ताजी तासलेली होती, वर गिरमिटाभोवती होती तशीच. डिंक अजून ओला होता. कोणीतरी साल तासली होती आणि वर शेवाळ परत नीट बसवून ठेवलं होतं.

बाईंनी पापुद्रा होता तसा ठेवला, आणि उठायला हवालदारांचा हात मागितला.

२

काकांची मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. बाई गेल्या तेव्हा ती कामावरच होती. बाप गेल्याच्या दिवशी कामावर आलेली मुलगी बघून हवालदारांच्या भुवया वर गेल्या.

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "घरी त्यांच्या चपला आहेत."

हवालदारांच्या भुवया खाली आल्या.

"बाबा झाडाला चाकू लावायचे का?" बाईंनी विचारलं.

"चाकू? बाबा?" एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं. "भोक पाडलं तरी झाडाची माफी मागायचे. लोक वेडा म्हणायचे त्यांना. चाकू नव्हताच त्यांच्याकडे. फळ मी कापून द्यायची."

"खोक्यात काड्या किती होत्या?"

"एकसष्ट."

"नक्की?"

"एकेका काडीला कागदाची नळी लागते. त्या नळ्या मी वळल्यात, रात्रीची भांडी झाल्यावर. एकसष्ट वळल्या, एकही उरली नाही."

बाईंनी हवालदारांकडे पाहिलं. खोक्यात चोपन्न होत्या.

"शेवटच्या दिवसांत काही बोलले का?"

मुलीने हातातलं भिंग फडक्यावर ठेवलं. "गेल्या आठवड्यात सात काड्या पुन्हा पुन्हा मोजत होते. माझ्याकडून नवं भिंग करून घेतलं. जेवायलाही उठेनात. मग म्हणाले, 'एका घरात सात भावंडं एकाच वर्षी जन्मली, तर शेजाऱ्यांनी काय समजायचं?' मी म्हटलं, बाबा, जेवा. ते म्हणाले, 'समजायचं हेच, की ही भावंडं नाहीत. आधीचं घर मोडून नवं बसवलंय.'"

"सात झाडं कुठली?"

"खालच्या टप्प्यावरची. जिथे नदी वळते आणि सपाट जागा आहे ना, तिथली. सगळी एकशे बेचाळीस वर्षांची."

बाहेर आल्यावर हवालदारांना राहवलं नाही. "काय समजायचं, बाई?"

"तुमच्या सोसायटीत लहान-म्हातारी सगळी वयं आहेत ना? रानातही तसंच असतं. एका जागी सगळी झाडं एका वयाची असतील, तर त्या जागी एकदा सगळं साफ झालं होतं."

"म्हणजे तोडलं होतं? मग ते रान अबाधित कसं?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "ते कुणाला तरी काकांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

३

काकांना जिवंत बघणारा शेवटचा माणूस म्हणजे 'मीटर'. नदीची पातळी मोजणं ही त्याची नोकरी, म्हणून हे नाव. पलीकडच्या काठावर, कड्याच्या बरोबर समोर त्याची खोली होती. रोज सकाळी आठला खाली उतरायचं, पाण्यात रोवलेली पट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा.

"आठ वाजता बघितलं," मीटर घडाघडा म्हणाला. "काका झाडापाशी उभे होते, गिरमीट लावत होते. नऊला खाली गेलो तर हे असं."

"आठला रेंजरसाहेब कुठे होते?"

"गावात, समितीच्या खोलीत. त्यांनीच तर फोन केला ना मला. 'काका कड्यावर गेलेत, दिसतात का बघ,' म्हणाले. मी म्हटलं, दिसतात की! समितीची सहा माणसं होती तिथे, फोन मोठ्याने लावला होता. विचारा हवं तर."

ते खरं होतं. बाईंनी आधीच विचारलं होतं. सहाही जणांनी शपथेवर सांगितलं की आठ वाजता काका जिवंत होते.

बाईंनी वही मागितली. गेल्या अकरा दिवसांचा आकडा एकच होता: दोन मीटर चाळीस. आजचाही दोन चाळीस.

"नदी फार शिस्तीची आहे तुमची."

"कोरडा मोसम आहे, बाई."

तेवढ्यात हवालदार नदीवरून परत आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि चेहरा खुलला होता.

"मीटर, तुमची पट्टी कुठंय हो?"

"पाण्यात."

"पाण्यात खांब आहे. पट्टी नाही. खिळे गंजलेत, म्हणजे बरेच दिवस झालेत जाऊन."

मीटरने एकदा खिडकीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. खिडकी डोंगराच्या बाजूला होती. तिच्यातून घळ, कडा, झाड, काहीसुद्धा दिसत नव्हतं. खिडकीखाली पलंग होता आणि पलंगावर पांघरूण तसंच पडलं होतं, माणूस नुकता उठून गेल्यासारखं.

"फोन आला तेव्हा कुठे होतात?"

"बाई, नोकरी जाईल माझी."

"माणूस गेलाय. कुठे होतात?"

"पांघरुणात," मीटर म्हणाला आणि रडायला लागला. "दिसत नाहीत म्हटलं असतं तर विचारलं असतं, का दिसत नाहीत? सहा माणसं ऐकत होती. म्हणून म्हटलं, दिसतात. मग नऊला साहेबांचा परत फोन, 'काका फोन उचलत नाहीत, खाली जाऊन बघ.' तेव्हा गेलो. आणि एकदा बोललेलं परत कसं घेऊ?"

"तुम्ही सकाळी झोपून असता, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," मीटर नाक पुसत म्हणाला. "चिडवतात की मला."

४

उरले वखारवाले. नदी जिथे घळीतून बाहेर पडते तिथे त्यांची लाकडाची वखार होती, चार पिढ्यांची. अर्जाला उघड विरोध करणारा हा एकच माणूस, आणि गावाने दुपारपर्यंत त्यांना फाशीही देऊन टाकली होती.

"या," ते म्हणाले. करवत थांबवायला त्यांनी हात वर केला. उजव्या हाताला दोनच बोटं होती. "बेड्या आणल्यात का? सकाळपासून वाट बघतोय."

"बसू का आधी?"

"बसा. लाकडाचा भुसा लागेल लुगड्याला."

"वर्दी आहे ही."

"मग वर्दीला लागेल."

बाई ओंडक्यावर बसल्या. "काका तुमच्याकडे आले होते?"

"आले होते, सोमवारी. विचारत होते, तुमच्या पणजोबांची वखार आधी कुठे होती? मी म्हटलं, घळीतच, नदीच्या वळणावर. पुरात वाहून गेली म्हणून इकडे आलो. तर म्हातारा डोळे मिटून बसला. मग म्हणाला, 'मी हे शुक्रवारी सांगणार. तो टप्पा अर्जातून वगळायला सांगणार, म्हणजे बाकीचं रान खरं ठरेल.' आता मला सांगा, बाई, शुक्रवारी जो माणूस माझ्या फायद्याचं बोलणार, त्याला मी बुधवारी कशाला मारू? माझी बोटं गेलीत, अक्कल नाही."

गिरमीट दोन्ही हातांनी, जोर लावून फिरवावं लागतं, हेही बाईंनी मनात नोंदवलं.

"एक सांगा. झाडाच्या छातीला आणि बुंध्याला, अशा दोन ठिकाणी साल तासलेली असेल तर काय समजायचं?"

वखारवाल्यांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "कुठल्या झाडाला?"

"आधी सांगा तर."

"ती तोडीची खूण. वरची खूण तोडणाऱ्याला दिसावी म्हणून. पण झाड पाडलं की ती ओंडक्याबरोबर जाते. म्हणून दुसरी अगदी खाली, मुळापाशी. ती खुंटावर राहते. तपासणीला माणूस आला आणि खुंटावर खूण नसली, की ते झाड चोरीचं."

"तुम्ही करता ती खूण?"

"आम्ही तोडतो, बाई. खूण आम्ही केली तर तुरुंगात जाऊ. ती फक्त साहेब लोक करायचे." ते थांबले. त्यांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. "या घळीच्या अलीकडचं सगळं रान एकाच माणसाच्या खुणेने पडलंय. माझ्या वखारीतून गेलंय ते. दोन खुणा, कायम दोन. एक करून थांबलेला मी त्याला कधी पाहिला नाही."

५

समितीच्या खोलीत रेंजरसाहेब एकटेच होते. भिंतीवर घळीचा मोठा नकाशा, त्यावर हिरवी सीमा. सुनावणीच्या कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले.

"काकांच्या काड्यांची पावती लिहायची आहे," बाई म्हणाल्या. "ही सुतळी सुटत नाही. चाकू आहे?"

त्यांनी खिशातून चाकू काढून दिला. सवयीने, पातं मिटून, मूठ पुढे करून. बाईंनी उघडला. पात्याला बोट लावलं. बोट चिकटलं. नाकाशी नेलं.

"कड्यावरच्या झाडाला हाच वास आहे," त्या म्हणाल्या. "छातीपाशी साल तासलीत, ते समजू शकते. अपघात दाखवायला गिरमीट घाईत रुतवायचं होतं. पण मग खाली का वाकलात, साहेब?"

रेंजरसाहेब खुर्चीत बसले, आणि त्यांचा ताठ कणा बाईंच्या देखत खचला.

"वाकलो हे कळलंच नाही," ते म्हणाले. "खूण झाल्यावर कळलं. पस्तीस वर्षं, बाई. किती लाख झाडांवर मी खूण केली, मोजलं नाही. खात्याने सांगितलं, मी केलं. निवृत्त झालो आणि एक दिवस या घळीत उतरलो. तेव्हा मी ठरवलं, एवढं एक रान तरी माझ्या हातून राहील. आणि शेवटी त्याच रानातल्या झाडाला मी..." त्यांनी चाकूकडे पाहिलं. "शेवाळ लावून झाकलं. लाज वाटली म्हणून झाकलं."

"काका?"

"पहाटे बरोबरच गेलो होतो. साडेसहा वाजले असतील. तो म्हणाला, खालचा टप्पा सोडून देऊ. मी म्हटलं, अरे, नदीकाठची सपाट जागा तेवढीच आहे. ती सोडली की रस्ता तिथपर्यंत येणार. रस्ता आला की दहा वर्षांत वरचंही जाणार. मी हे बघितलंय, मी केलंय! सात काड्या फेकून दे, कुणाला कळतंय? तो म्हणाला, झाडाला कळतंय. हसून म्हणाला हो. मी त्याच्या हातातलं खोकं ओढलं, त्याने सोडलं नाही. मग मी ढकललं. खोकं माझ्या हातात राहिलं."

"घसरले नाहीत?"

"नाही." त्यांनी डोळे वर केले. "तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो. ढकललं."

"आणि मग मीटरला फोन."

"तो खोटं बोलणार हे माहीत होतं. लहान मुलालाही माहीत आहे."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सात काड्या चुलीत गेल्या," रेंजरसाहेब म्हणाले. "आता तुमच्या हातात आहे, बाई. मला परवा संध्याकाळी न्या. फाशी द्या, काय हवं ते करा. पण सकाळी अपघाताचा कागद जाऊ द्या. मी खुनी ठरलो की अर्ज बाद, कारण अर्जदार मी आहे. मग पुरावा खोटा, समिती खोटी. हजार वर्षांची झाडं आहेत तिथे. एका दिवसाने काकांना काय फरक पडतो?"

बाईंनी चाकू मिटला. पुराव्याच्या पाकिटात घातला.

६

गुरुवारी दुपारी त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या आणि मुलीला सगळं सांगितलं. कायद्याने हे सांगायला नको होतं. पण बाईंना वाटलं, ज्याचं माणूस गेलंय त्याच्यापासून हा हिशेब लपवून ठेवायचा तर मग चुलीत काड्या घालणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

मुलीने ऐकून घेतलं. मग पुष्कळ वेळ एकच भिंग पुसत राहिली.

"काका म्हणायची मी त्यांना," ती म्हणाली. "रेंजरकाका. माझ्या लग्नाचं बघत होते."

"हं."

"तुम्ही अपघात लिहिलंत तर रान वाचतं?"

"उद्या तरी वाचतं."

"आणि खरं लिहिलंत तर?"

"तर रस्ता येण्याची शक्यता जास्त."

"तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"मला वाटतं की मला हे विचारायला तुझ्याकडे यावं लागलं, याची मला लाज वाटते," फौजदारबाई म्हणाल्या. "मी फौजदार आहे. मला एकच काम येतं. ते रेंजरसाहेबांनी इतकं अवघड करून ठेवलंय, की रात्रभर झोप नाही."

मुलीने भिंग उजेडाकडे धरलं. त्यावर ओरखडा नव्हता, तरी तिने ते पुन्हा फडक्यात घेतलं.

"बाबांना घळ माझ्याहून प्रिय होती. खरंच होती, मला राग यायचा. तरी त्यांनी ती सात झाडं लपवली नाहीत. मग मी त्यांचं मरण कसं लपवू?" तिने भिंग खाली ठेवलं. "लिहा तुम्ही. आणि माझ्यासमोर रडू नका, दुकानात गिऱ्हाईक आहे."

बाई रडत नव्हत्या. पण बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा हवालदार मुद्दाम दुसरीकडे बघत उभे राहिले.

७

सुनावणी वीस मिनिटंही चालली नाही. सुनावणीच्या साहेबांनी फौजदारबाईंचा अहवाल वाचला, पुन्हा वाचला, आणि पाण्याचा ग्लास संपवला.

"अर्ज बाद," ते म्हणाले. "चोपन्न काड्याही ग्राह्य नाहीत, कारण त्या आरोपीच्या हातून गेल्या आहेत. कुणाला नवा अर्ज करायचा असेल तर नवा अर्जदार लागेल आणि नव्याने काढलेले पुरावे लागतील. रस्त्याची मोजणी दहा महिन्यांनी सुरू होईल, त्याआधी. खालच्या टप्प्यावर पूर्वी तोड झाल्याचं या अहवालातच आहे, तेव्हा तिथली तोडीची परवानगी आजपासून मोकळी."

समितीची सहा माणसं खाली माना घालून उठली. त्यांतला एकजण जाता जाता फौजदारबाईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं समाधान?" त्याचं चुकलं होतं असं बाईंना वाटत नव्हतं.

काकांच्या मुलीने टेबलावरून नव्या अर्जाचा कागद घेतला. घडी करून पिशवीत ठेवला. मग ती थेट वखारवाल्यांच्या बाकापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, आता ही भांडणार. हवालदार अर्धे उठलेसुद्धा.

"टप्प्यावरची झाडं कधी पाडणार?" तिने विचारलं.

वखारवाल्यांनी खाली पाहिलं. "येत्या सोमवारी माणसं लावलीत."

"एक आठवडा थांबाल?"

"थांबून काय होणार, पोरी? वाचणार नाहीत ती."

"वाचवायला नाही म्हणत. मला गिरमीट चालवायला शिकायचंय. दहा महिन्यांत एकसष्ट झाडं करायची आहेत, आणि मला अजून एकही येत नाही. पहिली भोकं वेडीवाकडी पडतील, काड्या मोडतील." तिने श्वास घेतला. "जगणाऱ्या झाडावर शिकणं बाबांना चाललं नसतं."

वखारवाल्यांनी दोन बोटांनी कपाळ चोळलं.

"दोन आठवडे घे," ते म्हणाले.